कर, बंड आणि राज्यघटना

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियात संमत झाला. २०२६ साली त्या घटनेला अडीचशे वर्षे होतात. अशा प्रसंगी जाहीरनाम्यातील समतेची आणि मानवी हक्कांची वाक्ये मोठ्या अक्षरांत छापली जातात, भाषणांतून उद्धृत होतात आणि सगळा इतिहास त्या एका दिवसात सामावला होता असा समज रूढ होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. जाहीरनाम्याच्या वेळी तेरा वसाहतींपाशी रीतसर राष्ट्रीय सरकार नव्हते. आणि पुढे पाच वर्षांनी जे अस्तित्वात आले ते इतके दुबळे होते की आपल्या सैनिकांचा पगारही त्याला देता येईना. जाहीरनामा आणि राज्यघटना यांच्यामध्ये अकरा वर्षे गेली. उत्सवाच्या भरात या अकरा वर्षांकडे सहसा कोणी पाहत नाही. लोकांवर कर बसवण्याचा अधिकार कोणाचा आणि तो कोणत्या अटीवर, या प्रश्नावरून ब्रिटिश राजसत्तेशी भांडण जुंपले होते. राजा गेल्यावरही तो प्रश्न सुटलेला नव्हता. उलट अधिक अवघड होऊन तो स्वतंत्र अमेरिकेपुढे उभा राहिला, आणि तो सोडवण्याच्या खटपटीतूनच मुख्यतः राज्यघटना जन्माला आली.

या कथेचा आरंभ १७६३ पासून करावा लागतो. त्या वर्षी सप्तवार्षिक युद्ध संपले, कॅनडा इंग्रजांच्या हाती आला आणि उत्तर अमेरिकेतून फ्रेंचांचा पाय निघाला. विजय मोठा होता, तसा खर्चही मोठा होता. ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या पुढे गेले. शिवाय जिंकलेल्या मुलखाच्या रक्षणासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजार सैन्य ठेवण्याचे ठरले. इंग्लंडमधील करदाता आधीच वाकलेला होता. ज्यांच्या संरक्षणासाठी हे सैन्य ठेवायचे त्यांनी खर्चाचा काही भाग उचलावा, असे प्रधानमंत्री जॉर्ज ग्रेनव्हिल याला वाटले. ग्रेनव्हिल हा हिशेबी गृहस्थ होता. त्याला जुलमी म्हणणे अन्यायाचे ठरेल. १७६४ मध्ये त्याने काकवीवरील जकात गॅलनला सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली, परंतु ती कसोशीने वसूल करण्याची व्यवस्थाही केली. जुनी जकात जबर असली तरी ती भरतो कोण, असा मामला होता. नवी जकात निम्मी असूनही खरोखरच भरावी लागणार होती, म्हणून ती अधिक बोचली.

पुढच्या वर्षी स्टँप कायदा आला. दस्तऐवज, परवाने, वृत्तपत्रे, पदव्यांची प्रमाणपत्रे, एवढेच नव्हे तर पत्त्यांचे जोड आणि फासे यांवरही मुद्रांक लावणे सक्तीचे झाले. वकील, मुद्रक आणि संपादक यांना एकाच वेळी दुखवणारा कर शोधून काढणे यात मुत्सद्देगिरी फारशी दिसत नाही. कारण समाजात जीभ आणि लेखणी ज्यांच्या हाती असते ते हेच लोक. व्हर्जिनियाच्या विधिमंडळात पॅट्रिक हेन्रीने ठराव मांडले. बोस्टनमध्ये दंगे झाले. मुद्रांक विकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांनी एकामागून एक राजीनामे दिले. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. ब्रिटिश मालावरील बहिष्काराने लंडनचे व्यापारी घायकुतीला आले आणि मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला. मात्र माघार घेताना प्रतिष्ठा राखण्यासाठी दुसरा एक कायदा करून ठेवला: वसाहतींना बंधनकारक होतील असे कायदे कोणत्याही विषयावर करण्याचा पूर्ण अधिकार पार्लमेंटला आहे. अमेरिकनांनी घंटा वाजवून विजय साजरा केला आणि या दुसऱ्या कायद्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

वाद रकमेचा नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. वसाहतींत प्रतिनिधींची विधिमंडळे दीर्घकाळ चालत आलेली होती. व्हर्जिनियाची सभा तर १६१९ पासूनची. गव्हर्नर राजाने नेमलेला असला तरी अनेक वसाहतींत त्याचे वेतन स्थानिक विधिमंडळ मंजूर करी. गव्हर्नर फार ताठ वागू लागला की वेतनाचा ठराव रेंगाळे. तिजोरीची किल्ली आपल्या हाती असणे हेच आपले स्वातंत्र्य, अशी ही दीड शतकाची सवय होती. वसाहतींचा एकही प्रतिनिधी पार्लमेंटात नाही, या आक्षेपाला लंडनचे उत्तर असे की मँचेस्टर व बर्मिंगहॅम या शहरांचेही नाहीत. पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. या युक्तिवादाने मँचेस्टरवरचा अन्याय सिद्ध झाला. बोस्टनचे समाधान मात्र झाले नाही. १७६७ मध्ये चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली आणि त्या उत्पन्नातून गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार देण्याचा घाट घातला, तेव्हा ही किल्लीच हिसकावून घेतली जात आहे हे उघड झाले.

पुन्हा बहिष्कार सुरू झाला. घरोघर सूत कातून जाडेभरडे कापड वापरणे ही देशभक्तीची खूण झाली. बोस्टनमध्ये फौज आणली गेली आणि ५ मार्च १७७० रोजी जमावावर गोळीबार होऊन पाच माणसे मेली. त्यांत क्रिस्पस ॲटक्स हा कृष्णवर्णीय खलाशी होता. या प्रसंगाचे चित्र काढून सॅम्युअल ॲडम्सच्या गटाने रान पेटवले हे सर्वांना ठाऊक असते. त्याचा चुलतभाऊ जॉन ॲडम्स याने त्याच सैनिकांचे वकीलपत्र घेतले, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. शहर संतापलेले, पक्षकार तिरस्कृत आणि वकील स्वतः राष्ट्रीय पक्षाचा. तरीही कॅप्टन प्रेस्टन निर्दोष सुटला, आठ सैनिकांपैकी सहा सुटले आणि दोघांना सदोष मनुष्यवधाची सौम्य शिक्षा झाली. ज्या समाजात असा खटला चालू शकतो त्याच्यापाशी स्वराज्याची सामग्री आधीच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतर तीन वर्षे वातावरण पुष्कळ निवळले. चहा वगळता बाकीची जकात रद्द झाली होती. ठिणगी पुन्हा पडली ती हिंदुस्थानातून. ईस्ट इंडिया कंपनीला १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली, आणि पाचच वर्षांत बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात प्रांताची एक तृतीयांश प्रजा दगावली असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जनेच पुढे वर्तवला. वसुली सक्तीने चालूच राहिली. तरीही लष्करी खर्च, नोकरांची लुटालूट आणि भागधारकांना वाटलेला भरमसाट लाभांश यांमुळे १७७२ मध्ये कंपनी सरकारच्या दारात कर्जासाठी उभी राहिली. लंडनच्या वखारींत चीनहून आणलेला कोट्यवधी पौंड वजनाचा चहा विक्रीविना पडून होता. लॉर्ड नॉर्थच्या सरकारने १७७३ मध्ये कंपनीला चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले, तिच्या कारभारावर नियंत्रण ठेवणारा रेग्युलेटिंग ॲक्ट केला आणि तिचा चहा थेट अमेरिकेत विकण्याची सवलतही दिली. यामुळे अमेरिकेत चहा महागला नाही, उलट चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त होण्याचा संभव निर्माण झाला. मात्र पौंडामागे तीन पेन्सची जकात कायम होती. स्वस्ताईच्या लालचीने अमेरिकनांनी ती जकात, आणि तिच्यामागचे तत्त्व, चहाच्या घोटाबरोबर गिळावे असा हा डाव होता.

तो फसला. चहाच्या चोरट्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ त्या विरोधात मिसळलेला होता हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मक्तेदार कंपनीच्या हाती देश गेला की काय होते, याचे उदाहरण लोकांपुढे होते. जॉन डिकिन्सन या मवाळ वकिलानेसुद्धा टोपणनावाने लिहिलेल्या एका पत्रकात बंगालमधील कंपनीच्या कारभाराचा दाखला देऊन आपल्या देशबांधवांना सावध केले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरातील तीन जहाजांवरून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकण्यात आल्या. बंगालच्या रयतेला कंपनीविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. बोस्टनच्या नागरिकांना सभा होत्या, वृत्तपत्रे होती आणि चौदा दशकांची नगरसभेची परंपरा होती.

लंडनने बोस्टनचे बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सच्या स्वराज्याच्या सनदेवरच घाला घातला. एका वसाहतीला धडा शिकवून बाकीच्यांना गप्प करता येईल, हा राजा तिसरा जॉर्ज आणि त्याचे मंत्री यांचा होरा पूर्णपणे चुकला. सप्टेंबर १७७४ मध्ये जॉर्जियाखेरीज बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. त्यांत मवाळ पुष्कळ होते आणि साम्राज्यातून फुटण्याची भाषा जवळजवळ कोणी करीत नव्हते. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे रक्त सांडले. तरीही जुलैमध्ये काँग्रेसने राजाला विनंतीअर्ज धाडला. राजाने तो स्वीकारला नाही आणि वसाहती बंडखोर ठरवल्या. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. आतापर्यंत लोक मंत्र्यांना दोष देत आणि राजाला वगळत. पेनने राजसंस्थेलाच सरळ हात घातला. जून महिन्यात रिचर्ड हेन्री लीने स्वातंत्र्याचा ठराव मांडला, २ जुलैला तो मंजूर झाला आणि दोन दिवसांनी जेफर्सनच्या मसुद्यावर काटछाट होऊन जाहीरनामा संमत झाला. या काटछाटीत गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा उतारा गेला. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया यांना तो नको होता. तो लिहिणारा जेफर्सन स्वतः आयुष्यात सहाशेंहून अधिक गुलामांचा मालक होता. तेव्हा त्या उताऱ्याचे जाणे आणि त्याचे असणे या दोहोंतही विसंगती आहेच.

युद्धाच्या हकिकतीत येथे शिरण्याचे कारण नाही. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला एक ब्रिटिश सैन्य शरण आले, त्यानंतर फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने उतरला आणि ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. महाराष्ट्रातील वाचकाला याच काळात चाललेल्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची आठवण होईल. साराटोगानंतर पंधरा महिन्यांनी वडगाव येथे मुंबईच्या इंग्रजी फौजेला मराठ्यांनी तह लिहून द्यायला लावला. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. येथे त्याचे नशीब उघडले.

अमेरिकन काँग्रेसची युद्धकाळातील खरी विवंचना पैशाची होती. कर बसवण्याचा अधिकार नसलेल्या सभेने काय करावे? तिने नोटा छापल्या. सुमारे चोवीस कोटी डॉलरच्या नोटा निघाल्या. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच त्यांची किंमत चाळीसास एक ठरवली, आणि पुढे तर ‘कॉन्टिनेंटलच्या किमतीचाही नाही’ हा बोलीभाषेत निकामी वस्तूबद्दलचा वाक्प्रचार झाला. मार्च १७८१ मध्ये अमलात आलेल्या राज्यसंघाच्या करारनाम्याने, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ने, ही उणीव कायमच केली. काँग्रेसने रक्कम मागायची आणि राज्यांनी जमेल तशी द्यायची, अशी ती व्यवस्था होती. राज्ये अंशमात्र देत. आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याची परवानगी काँग्रेसने मागितली. करारनाम्यात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागे, आणि १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार देऊन ती योजना बुडवली. दुसऱ्या खेपेस न्यूयॉर्कने तेच केले. दूरच्या पार्लमेंटविरुद्ध वापरलेला युक्तिवाद आता आपल्याच काँग्रेसविरुद्ध वापरला जात होता, आणि तो वापरणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते.

याचा परिणाम मार्च १७८३ मध्ये न्यूबर्ग येथील छावणीत दिसला. थकलेल्या पगारामुळे चिडलेल्या अधिकाऱ्यांत निनावी पत्रके फिरू लागली. शस्त्रे खाली ठेवू नयेत, काँग्रेसला धाक दाखवावा, अशी त्यांची भाषा होती. क्रांतीचे पर्यवसान लष्करशाहीत होण्याला याहून अधिक काही लागत नाही. वॉशिंग्टन त्यांच्या सभेत गेला, त्याने त्यांची समजूत घातली आणि एक पत्र वाचण्यासाठी खिशातून चष्मा काढला. देशाच्या सेवेत केस पांढरे झाले आणि आता डोळेही जात चालले, अशा आशयाचे काही तो सहज बोलून गेला. कठोर शिपाईगड्यांचे डोळे पाणावले आणि कट तेथेच विरला. त्याच वर्षाच्या जूनमध्ये पगारासाठी बिथरलेल्या शेकडो शिपायांनी फिलाडेल्फियाचे सभागृह वेढले आणि काँग्रेसला प्रिन्सटनला पळ काढावा लागला. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनने ॲनापोलिसला येऊन याच दुबळ्या, निर्धन काँग्रेसपुढे मान लववून सेनापतिपदाचा राजीनामा दिला आणि तो शेतीवर निघून गेला. त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा हा राजीनामा मोलाचा होता. सेना त्याच्यापाशी होती, लोकप्रियता त्याच्यापाशी होती आणि समोरच्या सभेत वीस-पंचवीस सभासद जेमतेम हजर होते.

शांततेच्या काळातही गाडा रुळावर आला नाही. राज्ये एकमेकांच्या व्यापारावर शुल्के बसवीत. इंग्रजांनी तहात कबूल केलेली पश्चिमेकडील ठाणी सोडली नाहीत आणि त्यांना हुसकण्याची ताकद कोणातच नव्हती. मॅसॅच्युसेट्सने युद्धकर्ज फेडण्यासाठी जबर कर बसवले आणि ते रोखीत भरण्याची सक्ती केली. पश्चिम भागातील शेतकऱ्यांजवळ धान्य होते, गुरे होती, पण नाणे नव्हते. त्यांच्या जमिनी जप्त होऊ लागल्या. यांतील पुष्कळ जण क्रांतियुद्धात लढलेले होते आणि युद्धातील पगाराबद्दल मिळालेले कागद त्यांनी पोटासाठी कवडीमोलाने विकले होते. तेच कागद आता बोस्टनच्या सावकारांच्या पेटीत होते, आणि त्यांची पुरेपूर फेड करण्यासाठी याच शेतकऱ्यांवर कर होता. १७८६ च्या ऑगस्टअखेर त्यांनी न्यायालये बंद पाडण्यास सुरुवात केली. डॅनियल शेज हा माजी कॅप्टन त्यांचा पुढारी म्हणून ओळखला गेला. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल करताना तोफेच्या माऱ्यात त्यांचे चौघे मेले आणि बंड मोडले. ते मोडणारी फौज बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभी केली होती. काँग्रेसपाशी त्यासाठी दमडीही नव्हती. सॅम्युअल ॲडम्स आता कडक शिक्षेच्या बाजूचा झाला होता. राजाविरुद्धचे बंड क्षम्य असले तरी प्रजासत्ताकाविरुद्धचे बंड अक्षम्य, असे त्याचे मत होते. त्यात तथ्य होते, पण जप्तीची नोटीस हाती पडलेल्या शेतकऱ्याला ते कोणी पटवून द्यावे? पुढच्या निवडणुकीत मतदारांनी राज्याचा गव्हर्नर बदलला, नव्या गव्हर्नराने बहुतेकांना माफी दिली आणि करही सौम्य झाले.

या बंडाची धग ताजी असतानाच २५ मे १७८७ रोजी फिलाडेल्फियात परिषद भरली. ऱ्होड आयलंड आलेच नाही. बाकी बारा राज्यांचे मिळून पंचावन्न सभासद अधूनमधून हजर राहिले. वॉशिंग्टन अध्यक्ष होता आणि एक्क्याऐंशी वर्षांचा फ्रँकलिन सर्वांत वडील. करारनाम्यात दुरुस्ती सुचवणे एवढेच काम त्यांना नेमून दिलेले होते. त्यांनी दारे बंद केली, गुप्ततेचा नियम केला आणि करारनामाच बाजूला सारून नवी घटना लिहायला घेतली. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने हा अधिकारातिक्रमच होता, आणि विरोधकांनी पुढे तसे म्हटलेही. परिषदेत रोज पुढे बसून टिपणे घेणारा जेम्स मॅडिसन नसता तर तेथे काय झाले ते फारसे कळलेच नसते. ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये प्रसिद्ध झाली.

मोठी राज्ये लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मागत होती, लहान राज्ये समान मत सोडायला तयार नव्हती. उन्हाळ्याच्या उकाड्यात परिषद मोडण्याची वेळ आली. १६ जुलै रोजी एकाच मताच्या फरकाने तोड निघाली: प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान दोन. मग जुन्या दुखण्याला हात घालण्यात आला. राष्ट्रीय विधिमंडळाच्या अधिकारांच्या यादीत पहिलाच अधिकार कर बसवण्याचा आहे. मात्र त्याला वेसण अनेक ठिकाणी घातलेली दिसते. महसुलाची विधेयके दर दोन वर्षांनी मतदारांपुढे जाणाऱ्या प्रतिनिधिगृहातच प्रथम मांडली गेली पाहिजेत. कायद्याने मंजुरी असल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलर निघणार नाही. सैन्याच्या खर्चाची तरतूद दोन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी करता येणार नाही. १७६५ मध्ये जे मागितले होते ते आणि १७८३ मध्ये ज्याच्यावाचून अडले होते ते, अशी दोन्ही कलमे एका कागदावर आली. परिषदेतील विद्वानांनी माँतेस्क्यू वाचलेला होता. पण ही कलमे वसाहतींच्या विधिमंडळांतील गव्हर्नराच्या पगाराच्या भांडणांतून आलेली आहेत.

या सौद्याची किंमत ज्यांनी चुकवली ते परिषदेत नव्हते. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत सुमारे ३९ लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ सात लाख गुलाम होते. जागा वाटताना त्यांना मोजायचे की नाही? दक्षिणेच्या मळेवाल्यांना ते मोजायला हवे होते, अर्थात मत देण्याचा प्रश्नच नव्हता. तोड म्हणून तीनपंचमांश हे प्रमाण घेण्यात आले. हा अपूर्णांक नवा नव्हता. राज्यांकडून खर्चाचा वाटा कसा मागावा याचा हिशेब करताना तो १७८३ मध्ये काँग्रेसनेच सुचवला होता. करासाठी काढलेला आकडा आता प्रतिनिधित्वाला लावला गेला. गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही, मात्र दर माणशी दहा डॉलरपर्यंत जकात घेता येईल, असेही कलम झाले. पळालेला गुलाम मालकाला परत द्यावा, हेही ठरले. गुव्हर्नर मॉरिसने गुलामगिरीवर कडाडून टीका केली आणि शेकडो गुलामांचा धनी असलेल्या जॉर्ज मेसननेही तिच्या व्यापाराचा निषेध केला. परंतु साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया बाहेर पडतील या भीतीपुढे तो टिकला नाही. एवढे सारे करूनही ‘गुलाम’ हा शब्द घटनेत कोठेही येऊ दिला नाही. लाज वाटत होती, हे यावरून दिसते.

संघराज्य टिकवण्यासाठी हे अपरिहार्य होते, असा बचाव अद्यापही केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. दक्षिणेच्या दोन-तीन राज्यांशिवाय संघ झाला असता तर गुलामगिरी तेथे राहिलीच असती. पण तीनपंचमांशाच्या हिशेबाने मळेवाल्यांना मिळालेल्या जादा जागांनी पुढे सत्तर वर्षे काँग्रेस आणि अध्यक्षपद यांवर आपला भार टाकला, हे त्या बचावात सांगितले जात नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवीत सहा लाखांहून अधिक माणसे मेल्यावरच तेरावी दुरुस्ती झाली. त्यानंतर आठ वर्षांनी महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी जनतेला ते अर्पण केले. तरुणपणी पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलेल्या फुल्यांना अमेरिकेत पूजनीय वाटले ते ही बेडी तोडणारे लोक.

१७ सप्टेंबर रोजी एकोणचाळीस सभासदांनी सह्या केल्या. हजर असूनही मेसन, रँडॉल्फ आणि गेरी यांनी नाकारल्या. नऊ राज्यांची मान्यता पुरेशी ठरवण्यात आली आणि ती विधिमंडळांनी न देता त्यासाठी खास निवडलेल्या परिषदांनी द्यायची होती. एका राज्याच्या हट्टावर सारे अडण्याची सोय अशा रीतीने काढून टाकली. पुढचे दहा महिने देशभर वृत्तपत्रांतून आणि सभांतून जो वाद झाला तसा राज्यघटनेवर त्यापूर्वी कोणत्याही देशात झाला नव्हता. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी ‘पब्लियस’ या नावाने लिहिलेले पंचाऐंशी लेख आज विद्यापीठांत अभिजात ग्रंथ म्हणून नेमले जातात. मूळचे ते न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी आठवड्याला तीन-चार या घाईने लिहिलेले लेख होते. दुसऱ्या बाजूलाही तोडीचे लेखक होते. दूरचे सरकार, त्याच्या हाती कर आणि सैन्य, आणि नागरिकांच्या हक्कांची सनद कोठेच नाही. मग राजाविरुद्ध लढलो कशाला, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशा मतांनी घटना तरली, आणि तीही दुरुस्त्या होतील या भरवशावर. हक्कांची यादी अनावश्यक मानणाऱ्या मॅडिसननेच जून १७८९ मध्ये त्या दुरुस्त्या मांडल्या. १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांतील दहा अमलात आल्या. भाषण, मुद्रण आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याबद्दल अमेरिकेच्या घटनेला जो मान मिळतो तो पुष्कळसा तिच्या पराभूत विरोधकांच्या खात्यावर जमा केला पाहिजे.

नव्या व्यवस्थेची परीक्षा पुन्हा करावरूनच झाली. अर्थमंत्री हॅमिल्टन याने राज्यांची युद्धकर्जे संघाच्या शिरावर घेतली आणि त्यांच्या फेडीसाठी १७९१ मध्ये व्हिस्कीवर अबकारी कर बसवला. पश्चिम पेन्सिल्व्हेनियातील शेतकऱ्यांना डोंगर ओलांडून धान्य बाजारात नेणे परवडत नसे. त्याची व्हिस्की करून नेणे हाच त्यांचा व्यापार. १७९४ मध्ये त्यांनी वसुली अधिकाऱ्याचे घर जाळले आणि जुन्या क्रांतीतल्या घोषणा दिल्या. वॉशिंग्टनने तडजोडीसाठी माणसे पाठवली आणि त्यांच्या मागोमाग सुमारे तेरा हजारांचे नागरी सैन्य धाडून काही अंतर स्वतः बरोबर गेला. लढाई झालीच नाही. देशद्रोहाबद्दल दोघे दोषी ठरले आणि दोघांनाही त्याने माफी दिली. त्या भागातील शेतकऱ्यांच्या सभांत कराला विरोध करणारा, पण हिंसेपासून लोकांना परावृत्त करणारा अल्बर्ट गॅलॅटिन नावाचा एक पुढारी होता. १८०० च्या निवडणुकीत हॅमिल्टनचा पक्ष हरला. प्रतिनिधिगृहात छत्तीस वेळा मतदान झाल्यावर जेफर्सन अध्यक्ष झाला आणि त्याने गॅलॅटिनला अर्थमंत्री केले. १८०२ मध्ये काँग्रेसने रीतसर विधेयक संमत करून व्हिस्कीवरील कर रद्द केला.